अर्धी गोळी

महमूद शेजारून धावत होता तोवर प्रफुल्ल तांबे लंगडला नाही. डाव्या पोटरीत कुणी पक्कड घालून पिळावं तशी कळ पावलागणिक उठत होती, पण चेहऱ्यावर त्याने असं काही प्रसन्न हसू चिकटवून ठेवलं होतं की समोरून फिरायला आलेल्या बायकांनीही हात हलवून त्याला गुड मॉर्निंग केलं. मस्कतमधल्या कुरुमचा समुद्रकाठचा रस्ता संपला, महमूद गाडीत बसला, गाडी वळणाआड गेली, आणि मग हा साठीला टेकलेला माणूस बुटाची नाडी सोडायचं निमित्त करून फुटपाथच्या कडेला बसला तो बराच वेळ उठलाच नाही. त्याला उठता येत नव्हतं.

महमूद त्याचा मॅनेजर. ओमानी, वयाने बराच लहान, मनाने दिलदार आणि बोलायला मोकळाढाकळा. प्रफुल्ल त्याच्या हाताखाली रस्ते आणि नाले बांधायचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी महाडहून इकडे आलेला सिव्हिल इंजिनिअर. येत्या मार्चमध्ये त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि कंपनीच्या नियमाने साठीला कॉन्ट्रॅक्ट संपतं. पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळते, पण मॅनेजरने सही केली तर. नाही केली तर व्हिसा संपला, बौशरचं घर रिकामं करायचं आणि कल्याणच्या त्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायचं, जिथे तो आजवर फक्त सुट्टीत राहिला होता. काम नसलेला प्रफुल्ल तांबे कसा दिसतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची त्याला भीती वाटत होती.

त्यात कंपनीच्या वार्षिक जेवणात महमूदने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ये आदमी साठ साल की उम्र में मेरे साथ हाफ मॅरेथॉन भागेगा. बोलो, इसको कौन घर भेजेगा?"

लोक हसले. हातात बिर्याणीची ताटली असली की माणूस असं काहीबाही बोलतो आणि नंतर विसरूनही जातो. पण प्रफुल्ल इंजिनिअर होता. त्याने त्या वाक्याचा पाया खणला, त्यावर भिंत उभी केली आणि वर स्लॅबही टाकून मोकळा झाला. शर्यत जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी. मुदतवाढीचा कागद अजून आलेला नाही. म्हणजे धावलो तर राहिलो, नाही धावलो तर गेलो. हे त्याने कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

न सांगण्याची त्याला सवयच होती. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांचा एक न लिहिलेला नियम आहे: आजार देशात ठेवायचा, इकडे फक्त माणूस आणायचा. तपासण्या सुट्टीत तिकडे करायच्या, औषध तिकडून आणायचं, आणि इथे कंपनीच्या डॉक्टरने काही होतंय का विचारलं की छाती पुढे काढून "नथिंग" म्हणायचं. चारेक वर्षांपूर्वी मुंबईत प्रफुल्लच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात असं निघालं. जिवावरचं नव्हतं, पण रक्ताची गुठळी होऊन डोक्यात जाऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मागे लागली, ती कायमची. धावा, पण बेताने, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रोज संध्याकाळी गोळी, दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नाही. दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन तर मुळीच नाही, पोटात रक्तस्राव होऊन जाल.

तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगांतून, भाजणी आणि कुळथाच्या पिठाच्या पुड्यांबरोबर, त्या गोळ्या मस्कतला यायच्या. महिन्यातून एका शनिवारी प्रफुल्ल सरिताला घेऊन बरक्याला मासे आणायला जायचा. मस्कतमध्ये मासे मिळत नाहीत असं नाही. पण बरक्याच्या एका गल्लीत छोटीशी लॅब होती आणि तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. रिपोर्टचा फोटो मुंबईच्या डॉक्टरांना जायचा, सुरमई घरी यायची, आणि ऑफिसात प्रफुल्ल तांबे ठणठणीत राहायचा.

आता मात्र पोटरीने घात केला. फिजिओथेरपीवाल्या मुलीने पाय दाबून पाहिला आणि स्नायू फाटलाय, दीड महिना धावायचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. शर्यत महिन्यावर आलेली. दुखणं दाबायची गोळी घ्यायला बंदी. तो घरात चिडचिड करत फिरत असताना खालच्या मजल्यावरचा सलील एकदा लिफ्टमध्ये भेटला आणि त्याने भर लिफ्टमध्ये उजवा हात गोल फिरवून दाखवला.

"बघितलंस? सहा महिने हा हात वर जात नव्हता. चायनीज डॉक्टर आहे रे बौशरमध्ये, बाई आहे. सुया टोचते, काचेच्या वाट्या लावते, काढा देते. खलास! तू जाच."

प्रफुल्ल गेला. अत्तराच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. डॉक्टर वेन पन्नाशीच्या, ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. बरीच वर्षं ओमानात काढून त्यांनी इंग्रजी, अरबी आणि हिंदीची स्वतःपुरती एक भाषा तयार केली होती. पोटरीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आधी त्याचं मनगट धरलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

सलीलने सुयांचं सांगितलं होतं, नाडीचं नाही. शांत राहा, प्रफुल्लने स्वतःच्या हृदयाला विनवलं, एवढी दोन मिनिटं शांत राहा. ते कसलं ऐकतंय! नेमकं तेव्हाच दोन ठोके गाळून ते धडपडलं.

"पल्स नॉट गुड," डोळे न उघडता डॉक्टर वेन म्हणाल्या. "हार्ट प्रॉब्लेम?"

"नो. आय ॲम रनर. रनर्स हार्ट."

"मेडिसिन? एव्हरी डे मेडिसिन?"

"नो."

त्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसरं मनगट मागितलं. मग मागच्या लाकडी खणातून लालसर मुळ्यांचे वाळलेले काप काढून त्याच्यापुढे धरले. "दिस वन मूव्ह ब्लड. ब्लड स्टॉप, पेन. ब्लड मूव्ह, नो पेन. व्हेरी गुड फॉर लेग. बट ब्लड का गोली खाता है, तो मुश्किल. बिग मुश्किल, ब्लीडिंग. यू, नो ब्लड गोली?"

हा तिसरा प्रश्न होता आणि सरळ होता. खरं सांगायची इतकी सोपी संधी माणसाला रोज मिळत नाही. पण प्रफुल्लच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. सलील इथे येतो. सलीलची बायको वल्लरी महाराष्ट्र मंडळात आहे. मंडळात कळलेली गोष्ट आठवड्याच्या आत कंपनीत पोचते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचा नकार इतका गुळगुळीत झाला होता की तो जिभेवरून आपोआप घसरला.

"नो," तो म्हणाला.

सुया टोचल्या गेल्या, काचेच्या वाट्या पोटरीवर बसल्या, कातडी आत ओढली गेली. निघताना हातात काढ्याच्या पुड्या आल्या. गाडीत बसल्यावर त्याला घाम फुटला, पण घाबरण्यापेक्षा हिशोब मांडण्यात तो जास्त तरबेज होता. एका टाकीवर दोन पंप लागले तर टाकी वाहून जाणार. मग एक पंप अर्ध्यावर ठेवायचा. काढा रक्त पातळ करतो, गोळीही रक्त पातळ करते. काढा आहे तोवर गोळी अर्धी. इतकं सरळ गणित त्या मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याला कसं सांगितलं नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. शरीर म्हणजे टाकी नव्हे, हे त्याला सांगणार कोण? त्याने विचारलंच नव्हतं कुणाला.

काढा सरिता उकळायची. घरभर ओल्या सालपटांचा, कडवट मातकट वास भरायचा. पहिल्याच संध्याकाळी तिने कपाच्या शेजारी गोळी ठेवत विचारलं, "अहो, तुमच्या गोळीचं सांगितलंत ना तिला?"

"सांगितलं गं. सगळं सांगितलं."

"मग ती चालेल म्हणाली?"

"चालेल म्हणाली."

सरिता स्वयंपाकघरात वळली तशी त्याने गोळी नखाने मधोमध मोडली आणि अर्धी खिशात टाकली. तिच्याशी तो आजवर आजाराबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. ती एकटीच तर होती जिला सगळं ठाऊक होतं.

आणि गंमत अशी की पाय बरा व्हायला लागला. कळ बोथट झाली, मग नुसती जाणीव उरली. तो डॉक्टर वेनकडे पुन्हापुन्हा गेला, वाट्यांचे गोल जांभळे डाग पोटरीवर घेऊन आला, आणि कुरुमच्या रस्त्यावर महमूदला मागे टाकायला लागला. महमूद धापा टाकत म्हणायचा, "अरे बाबा, धीरे!" प्रफुल्लला आतून उकळ्या फुटायच्या. दीड महिना विश्रांती म्हणे! त्या फिजिओवाल्या मुलीला जाऊन पाय दाखवावा असंही त्याला वाटून गेलं.

मग एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लाल धार पडली. त्याने नळ सोडला आणि बेसिन स्वच्छ धुतलं. दोन दिवसांनी दंडावर वीतभर लांब निळा डाग उमटला, कशाला लागलं ते आठवेना. सरिताच्या नजरेतून तो सुटला नाही.

"हे काय?"

"साइटवर पाइपाला घासलं."

"त्याने एवढं होतं?" ती जवळ येऊन बघायला लागली तशी त्याने बाही खाली ओढली. "ह्या महिन्याचं रक्त तपासलं नाही आपण. शनिवारी बरक्याला जाऊ."

"शर्यत झाली की जाऊ."

"आधी जाऊ."

"सरिता, दोन आठवडे राहिलेत. आता काही निघालं तर ते डॉक्टर धावू नका म्हणतील. मग?"

"मग नका धावू!"

"आणि कल्याणला जाऊन काय करू? गॅलरीत उभा राहून रिक्षा मोजू?"

ती मागे सरली. त्या मागे सरण्यात तिचीही भीती होती. शाळेतली नोकरी, शेजार, अर्धं आयुष्य तिचंही इथेच गेलं होतं. त्याला हे माहीत होतं आणि त्याने त्याचा वापर केला. त्या शनिवारी ते बरक्याला गेले नाहीत.

शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी महमूदने त्याला अल अमेरातला नेलं. शेवटचा मोठा सराव चढावर करायचा, म्हणजे शर्यत सोपी जाते, असं महमूदचं म्हणणं. दोन्ही बाजूंना तांबूस काळे उघडेबोडके डोंगर, सकाळचं कोवळं ऊन, थंड वारा. चढ प्रफुल्लने छान चढला. उतारावर मात्र पायाखाली खडा आला, घोटा मुरगळला आणि डाव्या पोटरीत तट्कन काहीतरी तुटलं.

पडला नाही तो. हात पसरून थांबला आणि महमूदला म्हणाला, "कुछ नहीं, क्रॅम्प है." पण पाय बघताबघता फुगायला लागला. मोजा रुतला. पोटरी दगडासारखी टणक झाली, कातडी ताणून चकाकायला लागली आणि बोटांना मुंग्या आल्या. त्याने खाली वाकून मोजा काढायचा प्रयत्न केला तर नाकातून रक्ताचे थेंब टपटप बुटावर पडले. तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे काय चाललंय ते त्या रस्त्यावर त्याला एकट्याला कळत होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या, घाबरून त्याच्या नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाला सांगायची त्याची तयारी नव्हती.

महमूदने त्याला अक्षरशः उचलून गाडीत घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात आणलं. वाटेत सरिताला फोन केला. इमर्जन्सीत खाटेवर निजवून मोजा कापून काढला तेव्हा पोटरीवरचे गोल डाग महमूदने पाहिले. ते आता काळेनिळे झाले होते आणि त्यांच्याभोवती सूज पसरली होती.

"ये किसने किया?"

"चायनीज क्लिनिक," प्रफुल्ल पुटपुटला. "बौशर."

महमूदने प्रफुल्लच्याच फोनमधून नंबर शोधला आणि भिंतीकडे तोंड करून, दबलेल्या पण थरथरत्या आवाजात त्या बाईला ताबडतोब हॉस्पिटलात यायला फर्मावलं.

डॉक्टर सबीहा हैदराबादच्या, तरुण, चटपटीत. त्यांनी पाय हाताळला, बोटं दाबून पाहिली, आणि कपाळाला आठी घातली. "अंदर खून जमा हो रहा है. प्रेशर बढ़ा तो चीरा लगाके पैर खोलना पड़ेगा. कोई बीमारी? शुगर, बीपी, दिल? कोई दवा चल रही है?"

महमूद उशाशी उभा होता. त्याचा हात प्रफुल्लच्या कपाळावर होता.

"नो," प्रफुल्ल म्हणाला. विचार करायच्या आधीच म्हणाला.

"ठीक है." डॉक्टर सबीहांनी नर्सला काहीतरी सांगितलं आणि त्या पडद्याबाहेर सर्जनला फोन लावायला वळल्या. नर्सने ट्रेमधली सिरिंज उचलली, हवा काढली. "दर्द का इंजेक्शन है अंकल, अभी आराम मिलेगा."

कमरेवर स्पिरिटचा गार बोळा फिरला. दुखण्यावरचं इंजेक्शन. मुंबईच्या डॉक्टरांचा आवाज प्रफुल्लला स्पष्ट ऐकू आला: मुळीच नाही. आधीच रक्त थांबत नाहीये, त्यावर हे. सुई टोचायला निमिषभर उरला होता. एकीकडे महमूदचा हात, एकीकडे ती सुई. माणूस मरणाला घाबरतो म्हणतात. हा गृहस्थ त्या क्षणीही मॅनेजरला काय वाटेल याला जास्त घाबरत होता. इतकी वर्षं लपवण्याचा असा परिणाम होतो.

"रुको!" तो ओरडला. नर्सचा हात थबकला. प्रफुल्लने मान वळवली. "महमूद, पानी. जरा पानी ला दोगे?"

महमूद धावत गेला. पडदा हलायचा थांबला तसा प्रफुल्लने डॉक्टर सबीहांना हाक मारली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: हृदय, गोळी, काढा, आणि ती मोडलेली अर्धी गोळीसुद्धा. तेवढ्यात सरिता आत आली होती. पर्स छातीशी धरून ती पडद्याशी उभी होती आणि तिने शेवटचं सगळं ऐकलं.

डॉक्टर सबीहांनी नर्सच्या हातातली सिरिंज स्वतः घेऊन टाकून दिली. "तांबे साहब," त्या म्हणाल्या, "अभी मेरे हाथ से आपकी जान जाती. मालूम है आपको?" मग त्या भराभर कामाला लागल्या. रक्ताचे नमुने गेले, रक्त गोठावं म्हणून शिरेतून औषध सुरू झालं, पाय उंचावर ठेवला गेला.

"मेरे ऑफिस को..." प्रफुल्ल म्हणाला.

"मैं आपकी डॉक्टर हूं, आपके ऑफिस की नहीं. मुझसे बाहर नहीं जाएगा." आणि त्या सर्जनशी बोलायला निघून गेल्या.

म्हणजे सुटला की! जीव वाचला, गुपितही वाचलं. पाय बरा व्हायला वेळ लागेल, शर्यत गेली, पण पाय मुरगळल्यावर शर्यत कुणाचीही जाते. महमूदला त्यात वावगं दिसणार नव्हतं. प्रफुल्लने डोळे मिटले आणि कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत पडद्यापलीकडे महमूदचा आवाज चढला.

"ये देखो! ये तुमने किया! साठ साल का आदमी, एकदम फिट, घोड़े जैसा! तुमने उसका पैर बर्बाद किया!"

"आय आस्क," डॉक्टर वेनचा करडा आवाज. "थ्री टाइम आय आस्क. हार्ट? मेडिसिन? ब्लड गोली? ही से नो. थ्री टाइम नो."

"तो फिर नो ही होगा! वो झूठ नहीं बोलता. मैं ग्यारह साल से जानता हूं उसको. साइट पे एक बोरी सिमेंट का भी झूठ नहीं बोला वो. झूठ तुम बोलती हो." मग महमूद अरबीत कुणाशी तरी फोनवर बोलायला लागला. प्रफुल्लला अरबी पुरेशी कळत होती. महमूदचा चुलतभाऊ सरकारी आरोग्य खात्यात होता. आज शुक्रवारची सुट्टी, रविवारी सकाळी ऑफिसं उघडली की तक्रार दाखल होईल. क्लिनिकला कुलूप, बाईचं लायसन्स रद्द, आणि पहिल्या विमानाने तिला देशाबाहेर.

सरिताने वाकून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. तिचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही माझ्याशी जे वागलात ते मी घरी बघून घेईन. पण आत्ता तोंड उघडू नका. कळलं? इन्शाल्ला तुमचा पाय बरा होईल, मग तुम्हीच महमूदला सांगा, जाऊ दे, तक्रार नको. तो ऐकेल तुमचं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर तिचं ती बघेल. कुठेही जाऊन सुया टोचेल ती. आपण कुठे जायचं?"

बाहेर डॉक्टर वेन पुन्हापुन्हा तेच सांगत होत्या, थ्री टाइम, थ्री टाइम, आणि दर वेळी त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. कुणीच विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणसाचा आवाज असाच होतो. देशाबाहेर काढलं जाण्याची भीती प्रफुल्लच्या ओळखीची होती. तीच तर त्याने महिनाभर पोटरीत वागवली होती. आणि आता ती उचलून त्याने दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती, वर त्याला दुजोरा म्हणून महमूद त्याच्या खरेपणाची ग्वाही देत होता. ती ग्वाही ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महमूद!" त्याने हाक मारली. सरिताने त्याचा दंड घट्ट धरला, नेमका त्या निळ्या डागावर. "महमूद, अंदर आओ. उनको भी बुलाओ."

महमूद आत आला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, ती द्यायचं त्याला अजून सुचलं नव्हतं. मागे पडद्याशी डॉक्टर वेन उभ्या राहिल्या.

"इनकी गलती नहीं है," प्रफुल्ल म्हणाला. "मैंने झूठ बोला. मुझे दिल की बीमारी है, चार साल से. खून पतला करने की गोली खाता हूं. इन्होंने तीन बार पूछा और मैंने तीन बार ना बोला. अभी तुम्हारे सामने डॉक्टर को भी ना बोला. पानी के बहाने तुमको बाहर भेजा."

महमूदच्या फोनमधून चुलतभावाचा आवाज बारीक येत होता, हॅलो, हॅलो. महमूदने न बघता फोन बंद केला.

"चार साल," तो म्हणाला. "हर जुम्मा मेरे साथ भागे. उधर पहाड़ पे गिर जाते तो? मैं भाभी को क्या बोलता?"

"बोलता तो तुम मुझे रखते नहीं."

"किसने बोला?"

"तुमने. कंपनी के खाने में. हाफ मॅरेथॉन भागेगा, इसको कौन घर भेजेगा."

महमूद त्याच्याकडे बघतच राहिला. ते वाक्य त्याला आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाहीये हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. मग त्याने पाण्याची बाटली खाटेच्या कडेला ठेवली आणि तो स्टुलावर बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा, वो कागज पे मैंने पिछले महीने साइन कर दिया. दो साल. मेरी गाडी में पड़ा है. सोचा था फिनिश लाइन पे दूंगा, सबके सामने. तुमको अच्छा लगेगा करके."

सरिताच्या तोंडून एक अस्पष्ट आवाज निघाला आणि तिने पदर तोंडाला लावला.

"अभी..." महमूदने दोन्ही हात उघडे केले आणि मांडीवर टाकले. "उसमें लिखा है फिट फॉर साइट ड्यूटी. अभी मुझे मालूम है. मालूम होके मैं नहीं दे सकता. संडे को कंपनी डॉक्टर के पास जाना पड़ेगा तुमको. वो क्या बोलेगा, तुम भी जानते हो."

"जानता हूं."

महमूद उठला. पडद्याशी तो डॉक्टर वेनपुढे थांबला, छातीवर हात ठेवून अरबीत त्यांची माफी मागितली, आणि मान खाली घालून बाहेर पडला. डॉक्टर वेन मात्र गेल्या नाहीत. त्या खाटेपाशी आल्या, सुजलेल्या पायाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग प्रफुल्लकडे. त्याला वाटलं, आता चार शब्द सुनावतील, आणि ते ऐकायची त्याची तयारी होती. पण "आय सेंड मनी होम, माय मदर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून गेल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आता पडद्याआड दोघंच उरली. शिरेतलं औषध थेंबाथेंबाने उतरत होतं. पाय अजून ठणकत होता, पण सूज वाढायची थांबली होती. सरिता स्टुलावर बसली आणि बऱ्याच वेळाने, राग येऊन येऊन दमल्यावर माणूस बोलतो तशा आवाजात तिने विचारलं, "अहो, पण मग तुम्हाला धावायला सांगितलं तरी कुणी होतं?"

प्रफुल्लने खूप आठवून पाहिलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्याला आवरेनासं झालं.